लाल तुकडा

आमच्या घरात दोन कात्र्या होत्या आणि संध्याकाळी दोन्ही चालायच्या. मायची कात्री तेंदूपत्ता कापायची. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून ती कडेकडेनं कात्री फिरवायची आणि मांडीवरच्या सुपात बिड्यांची पानं पडत जायची. बाबांची कात्री शब्द कापायची. इंग्रजी शब्द, तेही लांबलचक, ज्यांचा अर्थ आमच्या अख्ख्या वस्तीत कुणाला कधी लागला नसता असे. मायच्या कात्रीचा आवाज सलग होता, त्याच्याकडे लक्षही जायचं नाही. बाबांची कात्री थांबत थांबत चालायची आणि ती थांबली की माझी पाळी असायची. आज सत्तरी ओलांडल्यावरही शिंप्याच्या दुकानावरून जाताना कात्रीचा आवाज आला की माझी पाठ आपोआप ताठ होते. नात विचारते, आजी, अशी काय उभी राहिलीस? तिला मी काय सांगणार!

बाबा बाइंडर होते. महाल भागातल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर उभं राहून वह्या, खतावण्या आणि वकिलांची जाडजूड पुस्तकं शिवायचे. शिक्षण पारशिवनीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत, चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ते शिकले ती शिवायला आलेल्या पुस्तकांवरूनच, पाठीवरची नावं बघून बघून. घरी आले की त्यांच्या हाताला लईचा वास असायचा. मैद्याची लई, म्हणजे चिकटवायची खळ, आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात घातलेलं मोरचूद. हात कितीही धुतले तरी तो वास जायचा नाही, आणि त्यांनी जवळ घेतलं की माझ्या केसांनाही लागायचा. आम्ही तिघंच. मी एकुलती एक, त्यामुळे बाबांच्या सगळ्या आशा माझ्याच डोक्यावर येऊन बसल्या होत्या. दोन बहिणी असत्या तर आशा वाटल्या तरी गेल्या असत्या.

इंग्रजीचं हे वेड कुठून आलं ते मला मायनं सांगितलं, बाबांनी कधीच नाही. एका वकिलाचं पुस्तक दुरुस्तीला आलं होतं. ते तयार करून देताना बाबांनी हौसेनं पाठीवरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. वकील हसले आणि म्हणाले, ‘तुम्ही पुठ्ठा छान बांधता, तेवढंच करा. आतलं आमच्याकडे राहू द्या.’ बाबाही त्यांच्याबरोबर हसले म्हणे. त्याच आठवड्यात ते रद्दीतून एक डिक्शनरी घेऊन घरी आले. तिला पुढचं कव्हर नव्हतं, मागचं नव्हतं, आणि सुरुवातीची सगळी पानं वाळवीनं खाल्ली होती. ती सुरूच व्हायची ए या अक्षरापासून. बाबांनी खराब कडा कापल्या, घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, नव्यानं शिवले, जाड पुठ्ठा लावला, लाल कापडाची पाठ चढवली आणि छापखान्यातले ठसे वापरून त्या पाठीवर सोनेरी इंग्रजी अक्षरांत एक नाव उमटवलं. डिक्शनरीचं नाही, माझं. सुजाता. मी तेव्हा पाचवीत होते. इतकं सुंदर पुस्तक मी आधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मी आनंदानं नाचले. बिचारीला काय ठाऊक, पुढची सहा-सात वर्षं संध्याकाळी आपण ह्याच पुस्तकात कोंडले जाणार आहोत ते.

दाराजवळ माझा पाट असायचा. दार अर्धं उघडं, कारण उजेड तिथूनच यायचा. बाहेर पोरी बिल्लस खेळत असायच्या. जमिनीवर आखलेले चौकोन, एका पायावरच्या उड्या, आणि रेषेवर पाय पडला की होणारा कल्ला, सगळं मला तिथून ऐकू यायचं आणि अर्धंच दिसायचं. बाबा समोर गोणपाटावर बसायचे. कटिंग मशीनवर पुस्तकांच्या कडा कापल्या की कागदाच्या लांब पट्ट्या उरतात, त्या ते घरी आणायचे. त्या पट्टीवर ते त्या दिवसाचा शब्द लिहायचे. अक्षर मोत्यासारखं. मग डिक्शनरीत बघून शब्द जिथे जिथे तुटतो तिथे कात्री चालवायचे. पहिल्या दिवशीचा शब्द होता अ‍ॅग्रिकल्चर. त्याचे चार तुकडे झाले. अ‍ॅग, रि, कल, चर. त्यातल्या एका तुकड्यावर जोर द्यायचा असतो आणि तो कुठला ते सांगणारी एक बारीक तिरपी रेघ शब्दातच छापलेली असते, एवढं बाबांनी स्वतःच शोधून काढलं होतं. ज्या तुकड्यावर जोर, तो लाल कागदावर चिकटवायचा, बाकीचे पांढऱ्यावर, आणि सगळे ओळीनं एका रजिस्टरमध्ये.

रेघ होती अ‍ॅग आणि रि यांच्या मधोमध. मग ती कुणाची? बाबांना यात शंकाच नव्हती. ‘हे पाह्य,’ त्यांनी मला एक कोरा फर्मा दाखवला, त्याच्या घडीवर पेन्सिलीनं एक खूण केली आणि खुणेच्या पुढे सुई घातली. ‘आमच्या कामात खूण आधी, टाका मांगून. खूण सांगते का बाबा, आता टाका येऊन राहिला, तयार राह्य. इथंबी तसंच. रेघ आधी, जोर मांगून.’ मला पटलं. मायलाही पटलं, तिनं पान कापता कापता मान डोलावली. फर्मा पानावर आधी ठेवायचा आणि मग कापायचं, हे तिच्याही कामातलंच होतं. रि लाल कागदावर गेला. मग बाबांनी वाकून माझ्या पाटाच्या कडेवर बोटाच्या पेरानं ठोकलं, लाल तुकड्यावर जोरात, बाकीच्यांवर हलकेच, आणि म्हणाले, ‘म्हन.’ मी म्हटलं. ‘पुन्हा.’ पुन्हा म्हटलं. ‘पुन्हा.’

‘पुन्हा’ हा शब्द माझ्या जन्माचा वैरी झाला. बाबांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त पुन्हा. पाटावर ठोकलेलं मला कानानं कमी आणि अंगानं जास्त कळायचं, पाठीच्या कण्यातून वर यायचं ते. आतमध्ये लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी बसलेली असायची, भाकरी टोपल्यात रचलेल्या, भुकेनं जीव कासावीस, आणि इकडे रिस्पॉन्सिबिलिटीचा सहावा तुकडा जिभेवर वळत नसायचा. माय म्हणायची, ‘अवो, भाकर निवून राहिली.’ बाबा म्हणायचे, ‘निवू दे.’ शब्द नीट आल्याशिवाय उठायचं नाही, आणि मी उठल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. म्हणजे मी चुकले की तिघंही उपाशी. शिक्षा म्हणून कुणी योजलं नव्हतं हे, पण याहून पक्की शिक्षा मला तरी माहीत नाही.

एकदा मी पळाले. बाबांची सायकल कोपऱ्यावर दिसली तशी मी मागच्या गल्लीनं निघून पोरींच्यात घुसले आणि मोठ्या तोऱ्यात बिल्लस टाकला. दोन चौकोन झाले असतील. बघते तर बाबा रेषेबाहेर उभे, हातात कागदाची पट्टी. रागावले नव्हते. नुसते उभे होते, माझी पाळी संपायची वाट बघत. पोरी एकेक करून गप्प झाल्या. त्यांनी मला सगळ्यांसमोर दोन तडाखे दिले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्या पट्टीवर त्या दिवसाचा शब्द सुरेख अक्षरात लिहिलेला होता आणि शाई अजून ओली होती. मी गुपचूप घरी गेले आणि पुन्हा कधी पळाले नाही.

काही शब्द मात्र बाबांनाही दाद द्यायचे नाहीत. इंजिनिअर त्यातला एक. त्याची रेघ अगदी शेवटी होती, तिच्यापुढे तुकडाच नाही! रेघ सांगते तयार राहा, पण येणार कोण? बाबा दोन दिवस त्या रेघेकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल लावला की असा शब्द संपला की क्षणभर थांबायचं, जोर त्या थांबण्यावर. मग मी म्हणायची, इं-जि-निअर, आणि बाबा रिकाम्या जागेत पाटावर ठक्क करून ठोकायचे. रजिस्टरमध्ये त्या शब्दापुढे नुसता एक कोरा लाल चौकोन चिकटवलेला आहे. पुढे मी तीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि वर्गात हा शब्द आला की मनातल्या मनात ते ठक्क ऐकू यायचं. त्या एका ठोक्यात सगळं उत्तर होतं. पण आमच्यापैकी कुणी ते ऐकलं नाही.

ऐकणार तरी कोण? आमच्या शाळेत इंग्रजीचा धडा मराठीतून शिकवायचे. गुरुजी स्वतःच सगळे तुकडे एका पट्टीत म्हणायचे, त्यामुळे माझ्या जोरांचं त्यांना कौतुकच. वस्तीत माझं नाव झालं. कन्हानचे पाहुणे आले की बाबा मला पुढे बोलवायचे आणि मी कॉन्स्टिट्यूशनपासून सुरुवात करून दहा-बारा शब्द म्हणून दाखवायची. बाबा पाटाच्या जागी आपल्या गुडघ्यावर बोटानं ठोकत बसायचे. पाहुणे म्हणायचे, ‘पोरगी मडमीसारखी बोलून राहिली गा!’ ज्या पांढऱ्या सदऱ्यात बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, तो मायनं ट्रंकेत जपून ठेवला होता. बाबा म्हणायचे, ‘सुजी भर सभेत इंग्रजी बोलन, त्या दिवशी काढजो.’ हे ऐकलं की मी ट्रंकेकडे बघायचंसुद्धा टाळायची.

कॉलेजात गेले तशी पहिल्याच सत्रात मुखर्जी मॅडमनी मला उतारा वाचायला उभं केलं. या आमच्या इंग्रजीच्या बाई, बारीक अंगाच्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या, बोलायला एकदम थेट. मी ताठ उभी राहिले आणि घरच्यासारखा प्रत्येक लांब शब्द ठोक्यासकट वाचला. वर्गात खुसखुस सुरू झाली. मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, चार-पाच शब्द पुन्हा म्हणायला लावले आणि विचारलं, ‘ये किसने सिखाया तुम्हें? गलती है, मगर हर जगह एक ही गलती है. सब कुछ एक घर आगे है.’ सगळं एक घर पुढे. मला काही उमजेना. त्यांनी मला लायब्ररीत नेलं, आणि तिथे खालच्या फळीवर आमचीच डिक्शनरी होती. तीच छपाई, तीच दोन रकान्यांची पानं, फक्त हिची सुरुवातीची पानं शाबूत होती. त्या पानांवर खुणा कशा वाचायच्या ते लिहिलं होतं. ज्या तुकड्यावर जोर, त्याच्या नंतर रेघ. खूण मागून. म्हणूनच इंजिनिअरची रेघ अगदी शेवटी होती.

मी तिथेच बाकावर बसले. आधी मला भयंकर राग आला. सहा वर्षं! सहा वर्षांचे बिल्लस, सहा वर्षांच्या निवलेल्या भाकरी, आणि एकूण एक शब्द चुकीचा! मग त्या रजिस्टरची आठवण झाली. पानोपान लाल तुकडे, प्रत्येक ओळीत एकेक, सगळे चुकीच्या जागी बसलेले, एकही कधी सुटला नाही इतके पक्के चिकटवलेले. राग कुठल्या कुठे गेला आणि भीती वाटायला लागली. हे बाबांना सांगणार कोण?

मी सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी हे कळलं आणि संक्रांत होऊन गेली तरी मी सांगितलं नाही. दिवसा कॉलेजात मॅडमकडून एकेक शब्द एक घर मागे आणायची, आणि संध्याकाळी पाटावर बसून तोच शब्द पुन्हा एक घर पुढे न्यायची. कॉलेजात फोटोग्राफचा जोर फोवर, घरी टोवर. मी कॉलेजात जात होते तरी पाट सुटला नव्हता. बाबांच्या मते हा शेवटचा हात फिरवायचा काळ होता. पूर्वी मी पाटावर अडकलेली असायची, पण निदान मन बाहेर पोरींत असायचं. आता मनही आतच कोंडलं गेलं. मी खोटं म्हणायची, बाबा खुशीत मान डोलवायचे, आणि त्यांच्या प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं की आत्ता ओरडून सांगावं. तोंड उघडायची, आणि त्यातून पुढचा शब्द निघायचा, चुकीचा.

त्यातच मॅडमनी आंतरकॉलेज वक्तृत्व स्पर्धेसाठी माझं नाव दिलं. विषय होता लोकशाही आणि शिक्षण. मी घरी बोलणारच नव्हते, पण बाबांना छापखान्यात कुणाकडून तरी कळलं. ते घरी आले तेच सायकलची घंटी वाजवत. ‘सुजीची माय, सदरा काढ!’ त्यांनी दारातूनच सांगितलं. मग रोज संध्याकाळी अख्खं भाषण पाटावर. डेमॉक्रसी, एज्युकेशन, अपॉर्च्युनिटी. बाबांनी भाषणाची प्रत बाइंड करून आणली आणि तिच्यात सगळे जोर लाल पेन्सिलीनं दाखवले. मला झोपेत शब्द दोन्ही बाजूंनी ऐकू यायला लागले. बाबांच्या तऱ्हेनं बोलले तर अख्खा हॉल हसणार आणि मॅडमची मेहनत पाण्यात. मॅडमच्या तऱ्हेनं बोलले तर बाबा समोर बसलेले. सुटायला वाटच नव्हती. ताप यावा म्हणून मी दोन दिवस कांदा काखेत धरून बघितला, तोही आला नाही.

स्पर्धा दुपारी होती. बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसले. ट्रंकेत राहून राहून सदऱ्याच्या घड्या पिवळट झाल्या होत्या. मांडीवर ते रजिस्टर. मी स्टेजवर गेले तशी त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला, बोट वाकवून. पहिली दोन वाक्यं छोट्या शब्दांची होती. मग आला अपॉर्च्युनिटी. त्या क्षणापर्यंत मी काहीही ठरवलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझ्या तोंडून तो बरोबर निघाला, आणि मी बघितलं की बाबांचं बोट एका तुकड्यानं उशिरा पडलं. ते किंचित पुढे झुकले. त्यांना वाटलं असेल की पोरगी घाबरली, घसरली. पुढे आला एज्युकेशन. तिथेही बोट मागे राहिलं. डेमॉक्रसीला बोट वर उचलेपर्यंत शब्द पुढे निघून गेला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुढच्या रांगेत बसलेल्या परीक्षकांकडे पाहिलं. ते समाधानानं काहीतरी लिहून घेत होते. बाबांनी हात गुडघ्यावरून उचलला आणि रजिस्टरवर पालथा ठेवला. भाषण संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. मी काय बोलले ते मला आठवत नाही, फक्त तो हात आठवतो.

मला दुसरं बक्षीस मिळालं. परत येताना मी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसले होते. बाबांनी वाटेत काटोलची संत्री घेतली, एक सोलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘खा. घसा कोरडा पडला असन.’ एवढंच. मी फोडी तोंडात टाकत होते आणि त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्या दिवशी संध्याकाळी बाबांची कात्री चालली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. ज्या सुटकेसाठी मी सहा वर्षं तळमळले ती मिळाली होती, आणि ती मला सहन होत नव्हती. बाबा कामावरून यायचे, भिंतीला टेकून बसायचे. दाराजवळ रिकामा पाट. वेळेवर वाढलेली गरम भाकरी आता ताटातच निवायची. चौथ्या दिवशी मायनं मला चुलीपाशी ओढलं आणि विचारलं, ‘काय झालं वं? काहून दोघंबी मुके होऊन बसले?’ मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मंग मले काय सांगतं? त्यायले सांग न.’

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत बसून खुणांची ती दोन पानं जशीच्या तशी उतरवून काढली. शक्य तितक्या चांगल्या अक्षरात, डिक्शनरीच्या मापाचा कागद घेऊन. संध्याकाळी ती बाबांपुढे धरली. त्यांनी हातात घेऊन कागद बोटांनी चाचपला, माप बघितलं, मग विचारलं, ‘काय हाये हे?’

‘आपल्या डिक्शनरीची पहिली पानं. वाळवीनं खाल्लेली.’

‘वाच.’

मी वाचलं, मग मराठीत सांगितलं. रेघ नंतर येते. बाबांनी कागद माझ्या हातातून परत घेतला. मायची कात्री थांबली होती. त्यांनी विचारलं, ‘तुले कवापासून माईत हाये?’

‘दिवाळीच्या आधीपासून.’

‘अन् रोज माझ्यापुढं बसून चुकीचं म्हनून राहिली होती?’

‘तुम्हाले वाईट वाटलं असतं, बाबा.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. ‘छापखान्यात फर्मा उलटा शिवला तं मालक मले सांगत नाही का? मी उसवतो, फिरून शिवतो. त्यात काही मरन येते का मले? तो वकील म्हने, आतलं आमच्याकडं राहू द्या. तूनं वेगळं काय केलं? तूनंबी मले पुठ्ठ्यावरच ठेवलं!’

मी रडायला लागले. मला वाटत होतं मी त्यांना जपत होते. तीन-चार महिने मी मनात स्वतःला किती सोसणारी, किती शहाणी समजत होते! आणि त्यांच्या जिव्हारी लागलं होतं ते चुकणं नव्हतंच. आपली पोरगी आत बसून आपल्याला बाहेर उभं ठेवते आहे, हे लागलं होतं. आजवर मला अनेकांनी अनेक गोष्टी सुनावल्या असतील, पण इतकं खरं कुणी बोललं नाही, आणि हे लिहिताना त्याची लाज मला अजून वाटते आहे.

बाबांनी डिक्शनरी खाली काढली. लाल पाठीवरचं माझं सोनेरी नाव झिजून फिकट झालं होतं. त्यांनी सुरीच्या टोकानं आतला कागद उचलला, पहिल्या फर्म्याचे टाके उसवले, माझी दोन पानं मध्ये बसवली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि शिवायला घेतलं. मी डोळे पुसत बघत होते. दोरा ओढून गाठ मारली, लईचं बोट फिरवलं, पुस्तक मिटून वर वरवंटा ठेवला. मग रजिस्टर काढून पहिलं पान उघडलं. मला वाटलं, आता फाडतात. त्यांनी पहिली ओळ ओल्या फडक्यानं भिजवली, हळूहळू लाल तुकडा सुटा केला आणि कात्री माझ्या हातात दिली. स्वतः उठले, दाराजवळ गेले आणि गुडघे मोडून त्या पाटावर बसले. तो पाट त्यांना फारच लहान होता.

मी गोणपाटावर बसले, त्यांच्या जागी. पट्टीवर पहिल्या दिवशीचाच शब्द लिहिला, चार तुकडे कापले, पहिला तुकडा लाल कागदावर लावला आणि पाटाच्या कडेवर ठोकून म्हटलं, ‘म्हणा, बाबा.’

‘अ‍ॅग-रि-कल-चर,’ बाबा म्हणाले. जोर रिवरच गेला. सहा वर्षांची सवय ती, एका संध्याकाळी कशी जाणार! चुकलं हे त्यांनाही कळलं. आतून माय म्हणाली, ‘अवो, भाकर निवून राहिली.’

‘निवू दे,’ बाबा म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

मी पाटावर बोट ठोकलं.

‘पुन्हा,’ मी म्हणाले.